पहिल्या फेरीत कोल्हापूर

भाचीला पहिल्या फेरीत कोल्हापूर लागलं. म्हणजे आपलं, राजर्षी शाहूंच्या नावाचं सरकारी मेडिकल. यादी लागली त्या संध्याकाळी ताईनं पेढे आणले आणि मला बरोबर घेऊन गल्लीत वाटायला निघाली. पावसाची बुरबुर चालू होती, पेढ्यांचा बॉक्स मी ओढणीखाली धरला होता. एका घरी काकी दारात आल्या, पिठाचे हात पदराला पुसले, पेढा घेतला आणि विचारलं, "कुठलं लागलं गं?" ताईनं सांगितलं. काकींनी पेढा तोंडात टाकला, ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इथंच होय? असू दे, असू दे. पोरीची जात, घराजवळ बरं असतंय." बोलण्यात वावगं काही नव्हतं. पण तसा हात आपल्याकडं मयताच्या घरी फिरवतात.

तो हात काही माझ्या डोक्यातून जाईना. देशभरातून वीस लाखांच्या वर पोरं नीटला बसतात. १८० प्रश्न, ७२० मार्क. दोन वर्षं या पोरीनं ना रंकाळ्यावरची भेळ खाल्ली, ना गणपतीची मिरवणूक बघितली, ना कुणाच्या लग्नात पंगतीला बसली. राजारामपुरीतला क्लास, घरातली मागची खोली आणि एनसीईआरटीचं बायोलॉजी, ज्याची पानं हाताळून हाताळून अगदी मऊ पडली होती. एवढं करून सरकारी सीट लागली, आणि तिच्या आईचं सांत्वन चाललंय! त्याहून मला लागलं ते हे, की ताईनं ते सांत्वन निमूट घेतलं. "बघू या की काकी, दुसऱ्या फेरीत पुणं लागंल," म्हणाली. मान खाली घालून.

राज्यातले मेडिकलचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलचा कारभार ज्यांच्या घरात बारावीचं पोर आहे त्यांना तोंडपाठ असतो, बाकीच्यांना सांगून कळत नाही. एवढंच सांगते, की लागलेल्या कॉलेजात मूळ कागदपत्रं देऊन प्रवेश घ्यायचा आणि मग ठरवायचं, स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा की नाही. भरला तर हीच जागा कायम, पुढच्या फेऱ्यांचा विषय संपला. नाही भरला तर पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कॉलेज लागतंय का ते बघायचं, आणि लागलं की हातातली जागा आपोआप सुटते, मग मागं फिरता येत नाही. तिच्या यादीत पुण्याचं बी. जे., मुंबईची के. ई. एम. आणि जे. जे., मग कोल्हापूर, मग मिरज असा क्रम होता. मार्क असे की पुणं काठावर. व्हॉट्सअ‍ॅपच्या पालक ग्रुपवर लागणार आणि नाही लागणार असे दोन पक्ष पडले होते, आणि दोघांकडंही गेल्या वर्षीचे कटऑफ होते.

घरात मात्र त्या फॉर्मवरून महाभारत.

दाजी बँकेत असल्यामुळं त्यांचा आकड्यांवर जीव. त्यांनी लॅपटॉपवर तक्ता केला. ग्रँट मेडिकल म्हणजे जे. जे. १८४५ चं, जी. एस. म्हणजे के. ई. एम. १९२६ चं, बी. जे. १९४६ चं, आणि आपलं या शतकातलं, अजून दुधाचे दात न पडलेलं, हे त्यांचेच शब्द. तिकडं २५० जागा, इकडं १५०. के. ई. एम.ला १८०० च्या आसपास खाटा. "जास्त खाटा म्हणजे जास्त पेशंट, जास्त पेशंट म्हणजे जास्त शिक्षण, साधं गणित आहे," म्हणाले. मी म्हटलं, दाजी, २५० पोरं म्हणजे खाटेभोवती गर्दीही जास्त. त्यावर नात्यातल्या एका डॉक्टर पोरानं फोनवर माझीच बाजू घेतली. त्याचं म्हणणं, मोठ्या ठिकाणी प्रत्येक कामाला रेसिडेंट असतो, इंटर्नच्या वाट्याला रक्त काढणं आणि रिपोर्ट घेऊन जिने चढणं येतं. लहान ठिकाणी टाके घालायला मिळतात, बाळंतपणं करायला मिळतात, हात बसतो. शिवाय पेपर सगळ्यांना नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचाच, पदवी तीच, सरकारी फी जवळपास तीच, आणि पुढं एमडी-एमएसला नीट पीजीचे मार्क बघतात, कॉलेजची पाटी नाही. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग वरच्या नंबरची पोरं मुंबईच का भरतात?" फोनवरचा डॉक्टर गप्प झाला. मीही.

मधेच अमेरिकेतल्या नातलगांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांची मुलगी इंडियाना विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलला आहे. एकच कॉलेज, पण कॅम्पस नऊ. मुख्य इंडियानापोलिसला, बाकीचे राज्यभर विखुरलेले. पूर्वी बाहेरच्या कॅम्पसवरची पोरं पुढच्या वर्षांना इंडियानापोलिसला जायची, आता चारही वर्षं तिथंच करता येतात. तिला टेरे होट मिळालं होतं, जिथं खेड्यापाड्यात डॉक्टरी करू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. तिची आई सांगताना आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मेन कॅम्पस नाही मिळाला, पण ठीक आहे." मी ताईकडं बघितलं. म्हणजे मयताचा हात साता समुद्रापलीकडंही फिरतो तर.

तरीही दाजींच्या प्रश्नाला माझ्याकडं एक उत्तर होतं. ते मी त्या दिवशी बोलले नाही, कारण ते माझ्याच बाजूच्या विरुद्ध जाणारं होतं.

आमच्या अप्पांचं पोट फुगायला लागलं तेव्हा मी कॉलेजात होते. पाय सुजायचे, पोट टम्म व्हायचं, दोन पायऱ्या चढले की धाप. अप्पा माळकरी, आयुष्यात कधी दारूच्या वासालाही उभे राहिले नाहीत. पण ज्या ज्या डॉक्टरकडं नेलं त्यानं पहिला प्रश्न तोच केला, "घेता का?" लिव्हरची औषधं चालू झाली. सुई घालून पोटातलं पाणी काढायचं, पंधरवड्यात परत भरायचं. गावात कुजबुज, की माळ नुसती गळ्यात आहे. अप्पांना दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं. एकादशीला देवळात जायचेसुद्धा बंद झाले. शेवटी कुणीतरी म्हणालं, मुंबईला न्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये ते रात्रभर बसूनच होते, आडवं झालं की दम लागायचा. तिथं एका मोठ्या सरकारी रुग्णालयात दोन खाटांच्या मधल्या जागेत गादी मिळाली. फिनेलचा वास, पंख्यांचा खडखड, आणि कुणाचं कोण कुठं आहे याचा पत्ता नाही. मग एका सकाळी एक प्राध्यापक राउंडला आले, मागं डझनभर पोरं. त्यांनी पोटाकडं बघितलंच नाही. अप्पांना उशांवर टेकवून अर्धवट बसवलं, मान जरा डावीकडं करायला लावली आणि म्हणाले, "आजोबा, श्वास आत घ्या." पोरांना म्हणाले, बघा. श्वास घेताना मानेतली शीर खाली उतरायला हवी, यांची वर चढतेय. मग एकेक पोर वाकून अप्पांच्या गळ्याकडं बघायला लागलं, तुळशीच्या माळेच्या वर. हृदयाभोवतीचं आवरण क्षयानं जाड होऊन आवळलं होतं, त्यामुळं रक्त मागं तुंबत होतं. बिचाऱ्या लिव्हरचा त्यात दोष नव्हता, आणि दारूचा तर नव्हताच. क्षयाची औषधं झाली, पुढं ऑपरेशन करून ते आवरण सोलून काढलं, आणि त्यानंतर अप्पा चांगली वर्षं जगले. पायी पंढरपूरला गेले.

तेव्हा खाटांची संख्या हा दाजींच्या तक्त्यातला नुसता रकाना आहे असं म्हणायची माझी छाती होत नाही. त्या माणसानं अशा किती माना बघितल्या असतील! एवढ्या माना एका जागी जमायला तसं अवाढव्य रुग्णालयच लागतं. पण अप्पा घरी आल्यावर तिथली एक गोष्ट सांगायचे, तक्रार म्हणून नव्हे, हसत सांगायचे. "डझनभर पोरांनी गळा बघितला, पण एकानं इचारलं नाही, काका, जेवलासा काय." या दोन गोष्टी माझ्या मनात कधी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. आणि आणखी एक. ते प्राध्यापक स्वतः शिकले कुठं, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. मुंबईतच शिकले असणार असं आम्ही धरून चाललो.

खरं तर मोठं म्हणजे मुंबई-पुणं, हे आपल्या भागात पूर्वी असं नव्हतं. मोठं दुखणं म्हणजे मिरज. आजीच्या तोंडी सुद्धा तेच, "आता मिरजेला न्या त्याला." जंक्शन आणि तंबोऱ्या-सतारींच्या कारागिरांसाठी ओळखलं जाणारं ते गाव, तिथं वानलेस साहेब या मिशनरी डॉक्टरनं १८९४ साली दवाखाना काढला, १८९७ मध्ये डॉक्टर घडवायची शाळा चालू केली, आणि कोकणातून, कर्नाटकातून लोक बैलगाड्यांनी, रेल्वेनं तिथं यायला लागले. १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेजही आलं. त्या काळात कुणी मिरजेला "असू दे" म्हणालं नसेल. आज आमच्या यादीत मिरज पाचव्या नंबरावर, आणि तेही दाजींनी "राहू दे खाली" म्हणून टाकलेलं.

आणि कोल्हापूर? अप्पा भुदरगड तालुक्यातून शिकायला इथं आले तेव्हा दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली, त्यांतलंच एक. अप्पांच्या आईच्या लेखी कोल्हापूर म्हणजे पोरगं कायमचं हातातून गेलं अशी जागा. तिनं शेंगदाण्याचे लाडू दिले आणि एसटीमागं पळत आली, असं अप्पा सांगायचे. त्या बोर्डिंगातून चालत सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपल्या मेडिकलचं हॉस्पिटल, पाच मिनिटांवर. समोर टाऊन हॉल, त्याची बाग, आणि इकडं ती काळ्या दगडाची जुनी इमारत. संस्थानच्या काळात तिचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. कृष्णाबाई केळवकरांना शाहू महाराजांच्या पाठबळावर मुंबईच्या ग्रँट मेडिकलात शिकता आलं, आणि डॉक्टर होऊन त्या परत आल्या त्या याच हॉस्पिटलात. त्या काळी बाईनं मुंबईला जाऊन मेडिकल करायचं म्हणजे काय असेल! मी हे ताईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ताई म्हणाली, "तिच्या पाठीशी महाराज होते. माझ्या पोरीला पुण्यात ताप आला तर कोण आहे?" यावर इतिहासाचं काही चालत नाही.

सीपीआरमध्ये मी गेल्या पावसाळ्यात एक रात्र काढली, ओळखीच्या बाईंच्या सोबतीला. अपघात विभागाच्या दाराशी ओल्या कपड्यांचा, आयोडिनचा आणि चहाचा एकत्र वास. मध्यरात्रीनंतर गगनबावड्याकडच्या एका शेतकऱ्याला आणलं, भांगलताना साप चावला होता. भावानं मारलेला साप प्लॅस्टिकच्या बरणीत घालून आणला होता आणि ती बरणी कुठं ठेवायची हे कुणालाच कळत नव्हतं. एक इंटर्न पोरगा पुढं झाला. कोवळी दाढी, डोळे झोपेनं लाल. त्यानं त्या माणसाला वर बघायला लावलं, पापण्या जड होतायत का ते बघितलं, काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि ती नळी स्टँडला उभी करून घड्याळ लावलं. वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही, म्हणाला. रक्त गोठलं तर ठीक, नाही गोठलं तर विषानं रक्त धरलंय. वरिष्ठ आत दुसऱ्या पेशंटपाशी होते, तो मधूनच पळत जाऊन त्यांना विचारून येत होता. त्या वीस मिनिटांत तो त्या माणसाच्या बायकोशी बोलत राहिला. "कवा चावला? जेवलासा काय? पोरं कुठं हाईत?" मला वाटलं, आपल्याकडचाच, पन्हाळ्याचा नाहीतर कागलचा. सकाळी चहाच्या गाड्यावर भेटला तर नांदेडचा निघाला. म्हणाला, "आधी सत्तर-तीस होतं ना मावशी, ते २०२० ला रद्द झालं, म्हणून इकडं लागलं." विभागातल्या पोरांना सत्तर टक्के जागा राखीव असायच्या, त्या गेल्या आणि मराठवाड्याची पोरं आपल्या हॉस्टेलांत दिसायला लागली, हे मला माहीत होतं, पण ती आपली बोलीही उचलतात हे नव्हतं माहीत. त्याच्या घरी कोल्हापूर लागलं तेव्हा पेढे कसे वाटले असतील? नांदेडहून कोल्हापूर म्हणजे मोठं, लांबचं, अंबाबाईचं शहर. तिथं कुणी त्याच्या आईच्या पाठीवरून हात फिरवला नसणार.

रक्त गोठलं होतं. साप बिनविषारी निघाला, धामण. बरणी शेवटपर्यंत खिडकीत होती.

हे सगळं मी भाचीला सांगत बसले होते, गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, खरं सांगू? खाटांचं मला काही पडलेलं नाही. बाबांचा तक्ता बाबांना ठीक आहे. मला एकदा अशा ठिकाणी राहायचंय जिथं मी कुणाचीच कोण नाही. इथं मी उद्या वॉर्डात गेले तरी कुणीतरी म्हणणार, तू अमक्याची ना गं? परवा अ‍ॅडमिशनच्या रांगेतसुद्धा मम्मीच्या भिशीतली बाई भेटली." आणि थोडं थांबून, "आजोबांच्या मानेचं पण आहे डोक्यात. पण ते दोन नंबरला."

मला हसू आलं आणि जरा भीतीही वाटली. अठरा वर्षांच्या पोरीनं घराबाहेर पडावंसं वाटणं यात चूक काही नाही; उलट घरातली मोठी माणसं जागा, सालं आणि खाटा मोजत बसली होती ती हे एवढं साधं कारण तोंडातून निघू नये म्हणूनच, असा मला संशय आहे. ताईला पोर जवळ हवी, हे ती "हॉस्टेलचं जेवण बरं नसतं" असं म्हणते. दाजींना पोरीचं कॉलेज बँकेत सांगायला भारी हवंय, ते "क्लिनिकल एक्स्पोजर" म्हणतात. एकटी पोरगीच खरं बोलत होती. भीती मात्र वेगळीच. जिथं तिला कुणी ओळखणार नाही तिथं तिच्या समोरचा पेशंटही कुणाचाच कोण नसणार, अप्पांसारखाच. "अमक्याची ना गं?" हे ओझं आहे खरं, पण सीपीआरच्या त्या रात्री तेच ओझं त्या नांदेडच्या पोरानं आपण होऊन खांद्यावर घेतलं होतं, कुणी सांगितलेलं नसताना. म्हणजे ते गावामुळं येतं की माणसामुळं, यावर मला अजून नीट बोलता येत नाही. तिला मी एवढंच म्हटलं, की तुला जायचं असेल तर फॉर्म भरू नको, मी ताईशी बोलते.

बोलले. व्हायचं ते झालं. ताई म्हणाली, तुला काय, तुझी पोरगी असती तर कळलं असतं. दाजी एकदम खूश, जणू मी त्यांच्या तक्त्याला मान्यता दिली. फॉर्मची मुदत संपली आणि फॉर्म भरला गेला नाही. दुसऱ्या फेरीला नव्यानं पसंती भरायची होती. भाचीनं पुणं आणि मुंबईची दोन एवढीच टाकली. दाजी म्हणाले, मिरज पण टाक, जुनं कॉलेज आहे, २०० जागा आहेत. ती म्हणाली, "बाबा, पन्नास किलोमीटर जाण्यासाठी कोल्हापूर सोडू?" आयुष्यात पहिल्यांदाच असेल, पण आकड्यांपुढं दाजी निरुत्तर झाले.

दुसऱ्या फेरीची यादी अजून लागायची आहे. तोवर कॉलेज चालू झालंय, फाउंडेशन कोर्स, पांढरा एप्रन, शेंडा पार्क. पूर्वी शेंडा पार्क म्हटलं की लोकांना कुष्ठधाम आठवायचं आणि रिक्षावाले तोंड वाकडं करायचे. आता सकाळी त्या रस्त्याला एप्रनवाल्या पोरांच्या मोपेडची रांग असते. भाचीला तिथं लातूरची एक पोरगी भेटली. हॉस्टेलला राहते, पहिल्यांदाच घराबाहेर पडलीय, पांढरा रस्सा बघून आधी घाबरली आणि आता दोन वाट्या पिते. भाचीनं तिला रंकाळा दाखवला, महाद्वार रोडवर चप्पल घेऊन दिली, मिसळ खायला नेलं, आणि घरी येऊन मला म्हणाली, "मावशी, पुणं लागलं तर हिचं काय?" मी म्हटलं, आता मला विचारू नकोस बाई. ताई रोज डब्यात त्या लातूरच्या पोरीसाठी दोन भाकऱ्या जास्त घालते, आणि माझ्याशी अजून बोलत नाही.